मदत हवी आहे: खारघरच्या गच्चीवरून सेरेस हा बटुग्रह नक्की ओळखायचा कसा?

प्रतियुतीच्या (पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असण्याच्या) आसपास सेरेसची तेजस्विता ७ प्रतीच्या जवळपास असते. १३० मिमी न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीला (फोकल लेंथ ६५०, २५ मिमी आयपीस, म्हणजे २६ पट) तो आमच्या उजळ आकाशातही दिसायलाच हवा. दिसणं ही अडचण नाहीच, पटवणं आहे. तबकडी दिसत नाही, नुसता एक ठिपका, आणि त्या क्षेत्रात तेवढेच तेजस्वी तारे दोन-तीन.

स्टेलॅरियम या आकाश-नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये कक्षेची माहिती अद्ययावत केली आहे. न्यूटोनियनमध्ये प्रतिमा १८० अंश फिरते, नकाशाही तसाच उलटा घेतला आहे. आता पडताळणी फोटोवर करायची आहे: एपीएस-सी कॅमेरा, ५० मिमी लेन्स, एफ/२.८, आयएसओ १६००, साध्या ट्रायपॉडवर ४ सेकंदांच्या २० फ्रेम्स. प्रतियुतीजवळ सेरेस दिवसाला सुमारे १२ कलामिनिटं सरकतो, म्हणजे या लेन्सवर अंदाजे ४० पिक्सेल. दोन रात्रींचे फोटो आलटून पालटून पाहिले की उडी लपायला नको.

विचारायचं हे:
कॅमेरा ताऱ्यांचा मागोवा घेत नसताना तारे जुळवून फ्रेम्स एकावर एक रचल्या (स्टॅक केल्या) की हॉट पिक्सेलच्या (सेन्सरवरच्या कायम चमकणाऱ्या ठिपक्यांच्या) रेघा उमटतात. डार्क फ्रेम्स (लेन्स झाकून घेतलेले फोटो) किती घ्याव्यात? इथल्या उकाड्यात लाइट्सनंतर (आकाशाच्या फोटोंनंतर) लगेच घेतलेल्या बऱ्या, की मधूनमधून?
जेएनपीटी बंदराच्या बाजूचा नारिंगी उजेड स्टॅकिंगआधी काढावा की नंतर?
आणि ढगांमुळे तीन-चार दिवसांचं अंतर पडलं तर चालेल ना? स्तंभी बिंदूजवळ (जिथे तो ताऱ्यांमध्ये थांबल्यासारखा दिसतो) मात्र तेवढ्यातही हालचाल फारच थोडी, हे धरून सांगा.

अंधाऱ्या आकाशासाठी वांगणीला जा, हा सल्ला कृपया नको, गच्चीवरूनच करायचंय.