बुधवारचा नवा अंक: खाणीतला सुपरमॅन, नरकातली डायना आणि सी विंगचा ग्रुप

जळगाव, शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

तेजस (सी-३०२): मंडळी, ॲब्सोल्यूट सुपरमॅनचा पहिला अंक वाचून झाला. बुधवारीच किंडलवर आला होता, पण घरात दिवाळीचे पाहुणे, त्यामुळे आज निवांत मिळालं. लेखक जेसन आरन, चित्रं राफा सँडोव्हाल. ज्यांना गोष्ट फुटायला नको असेल त्यांनी इथून पुढे वाचू नका.

निशांतदादा (सी-१०४): मी गुरुवारी रात्रीच वाचला. बॅटमॅन, वंडर वुमन आणि हा, तिन्हींत मला हाच जास्त भिडला.

जिभाऊ (सी-२०१): काय भो, आधी ही ॲब्सोल्यूट भानगड काय ते नीट सांगा. आमच्या वेळी सुपरमॅन एकच होता.

तेजस: जिभाऊ, डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीने ऑक्टोबरपासून एक वेगळं विश्व सुरू केलंय. डार्कसाइड नावाचा जो मोठा खलनायक, त्याच्या शक्तीवर उभं राहिलेलं जग. त्यामुळे तिथे चांगल्या माणसांच्या हातचं सगळं आधीच काढून घेतलेलं असतं. बॅटमॅनकडे पैसा नाही, वाडा नाही. वंडर वुमनला तिचं बेट नाही, आई नाही. सुपरमॅनला घरच नाही. ९ ऑक्टोबरला बॅटमॅन आला, २३ ला वंडर वुमन, आणि ६ नोव्हेंबरला हा.

जिभाऊ: म्हणजे हिरोचा हिरोपणा कशात असतो ते बघायचंय त्यांना. बरोबर?

तेजस: अगदी तेच.

आर्या (सी-४०३): जिभाऊआजोबा, त्याचा केप बघा तुम्ही. कापडाचा नाहीये, लाल धुळीचा आहे. तो उडतो तेव्हा मागे धूळ पसरत जाते आणि थांबला की परत गोळा होते. मी कालपासून ते पान वहीत काढायचा प्रयत्न करतेय, पण धुळीच्या कडा जमत नाहीयेत.

निशांतदादा: आर्या, कड काढूच नकोस. रंग पसरव आणि बाहेरून खोडरबर फिरव.

तेजस: गोष्ट थोडक्यात सांगतो. या क्रिप्टनवर, म्हणजे सुपरमॅनच्या मूळ ग्रहावर, लोकांचे वर्ग आहेत. वर ज्ञानवाले, खाली राबणारे. काल-एल म्हणजे सुपरमॅनच, त्याचे आई-बाप, जॉर-एल आणि लारा, राबणाऱ्यांतले. त्याच्या छातीवरचं ते चिन्ह म्हणजे राजघराण्याचा शिक्का नाही, कष्टकऱ्यांची खूण आहे. पृथ्वीवर तो आपल्याला भेटतो ब्राझीलच्या खाणीत. लॅझरस नावाची कंपनी आहे, तिचे हत्यारबंद पहारेकरी मजुरांच्या डोक्यावर उभे असतात, आणि हा त्या मजुरांच्या बाजूने उतरतो.

दीपकनाना (सी-२०४): मी पण वाचला. चित्रं फार सुंदर आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण मला एक गोष्ट मनापासून पटली नाही. त्याला पृथ्वीवर वाढवणारे केंट नवरा-बायको कुठे आहेत?

तेजस: नाना, या विश्वात तो त्यांच्याकडे वाढलेला दिसत नाही. जाहिरातीतच म्हटलंय की त्याला कुटुंब नाही.

दीपकनाना: तेच तर! सुपरमॅनला ताकद सूर्याने दिली, पण वागणं कॅन्ससच्या शेतकऱ्याने दिलं. आमची रावेरला केळीची बाग आहे, गोठा आहे. लहानपणी मला आज्याने पहिलं काय शिकवलं असेल तर वासराला हात कसा लावायचा. जोर असतो अंगात, तो कुठे लावायचा नाही हे शेतावरच्या पोराला फार लवकर कळतं. सुपरमॅन दार उघडताना दार उपटत नाही, माणसाचा हात धरताना हाड मोडत नाही, ते जोनाथन आणि मार्थामुळे. ते काढून टाकलं तर उरला नुसता ताकदवान परका माणूस.

मीनलताई (सी-३०१): नाना, तुमचा मुद्दा मला कळतो. पण या अंकात तो मजुरांशी ज्या पद्धतीने बोलतो त्यात ती माया आहे की. ती कुठून आली, हेच पुढच्या अंकांत सांगतील ना?

दीपकनाना: सांगतील तेव्हा बघू. आत्ता हातात आहे त्या अंकाबद्दल बोलतोय मी.

तेजस: नाना, एक सांगू? १९३८ चा पहिला अंक, ॲक्शन कॉमिक्स क्रमांक १, त्यात केंट नाहीतच. वाटेने जाणाऱ्या एका मोटारवाल्याला ते बाळ सापडतं आणि तो ते अनाथाश्रमात नेऊन देतो. बस. केंट आले १९३९ मध्ये, सुपरमॅनच्या स्वतंत्र अंकात.

दीपकनाना: म्हणजे वर्षभरात आणावेच लागले! याचा अर्थ काय होतो ते तूच सांग.

निशांतदादा: 😀 नानांनी तुझाच पुरावा तुझ्यावर उलटवला, तेजस.

तेजस: मान्य, पण पूर्ण ऐका. त्याच १९३८ सालातला तिसरा अंक आहे. खाण कोसळते, एक मजूर आत अडकतो. क्लार्क, म्हणजे साध्या वेषातला सुपरमॅन, मालकाला विचारायला जातो, तर मालक हात झटकतो. मग सुपरमॅन काय करतो? मालक आपल्या पाहुण्यांना गंमत म्हणून खाण दाखवायला खाली नेतो, तेव्हा हा खाण बंद पाडतो. मालकाला आत बसून कळतं की धोक्याची घंटा वाजतच नाही. त्या अख्ख्या गोष्टीत तो निळा पोशाख जवळजवळ घालतच नाही, खाणमजुराच्या कपड्यांतच वावरतो. म्हणजे जेसन आरनने नवीन काही घुसडलेलं नाही. सुपरमॅन सुरुवातीला असाच होता. परग्रहावरचे राक्षस, मोठमोठी युद्धं, हे सगळं नंतर आलं.

जिभाऊ: हाई गोट खरी शे. तेजस, ही तिसऱ्या अंकाची गोष्ट मला वाचायला मिळेल का? आमचे वडील अमळनेरला प्रताप मिलमध्ये साच्यावर होते. भोंगा झाला की सगळी आळी हलायची. साच्याचा पट्टा तुटून एखाद्याला लागलं तर पाळी थांबायची नाही, माणूस बाजूला काढायचे आणि दुसरा उभा करायचे. वडील घरी येऊन जेवताना हे सांगायचे. १९३८ मध्ये अमेरिकेत कुणी पोरं हीच गोष्ट चित्रांत सांगत होती, हे मला आज ८ नंबरच्या चष्म्यातून कळतंय.

तेजस: जिभाऊ, जुने अंक संग्रहरूपात मिळतात. उद्या टॅब घेऊन वर येतो, अक्षर मोठं करून वाचू.

मीनलताई: ती पोरं म्हणजे जेरी सीगल आणि जो शुस्टर. क्लीव्हलँडची, स्थलांतरित ज्यू घरांतली. मजुरांच्या बाजूने उभा राहणारा हिरो त्यांनी काढला आणि त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला प्रकाशकाकडे गेले. पुढे अनेक वर्षं कोर्टकचेऱ्या, त्यांची नावंसुद्धा अंकावरून गेली होती. १९७५ मध्ये बराच आवाज उठल्यावर पेन्शन मिळालं आणि नाव परत छापलं जायला लागलं. मला हे आठवलं की राग येतो. ‘सीगल आणि शुस्टर’ ही ओळ दिसली की मी थांबून वाचते.

दीपकनाना: हे मला माहीत नव्हतं, ताई. वाईट वाटलं.

वैशालीवहिनी (सी-१०२): सगळ्यांना नमस्कार. मध्येच विचारते. आमचा चिरंजीव चौथीत आहे, दोन दिवस झाले नवीन बॅटमॅन पाहिजे म्हणून मागे लागलाय. वर्गात कुणीतरी दाखवलं त्याला. देऊ का?

निशांतदादा: वहिनी, हा बॅटमॅन अजिबात नको. स्कॉट स्नायडरचं लेखन आणि निक ड्रॅगॉटाची चित्रं उत्तम आहेत, पण मोठ्यांसाठी. शाळेची सहल प्राणिसंग्रहालयात जाते आणि तिथे गोळीबार होतो, त्यात ब्रूसचे, म्हणजे बॅटमॅनचे, वडील जातात. ते शिक्षक असतात. चौथीतल्या मुलाला शाळेच्या सहलीचं तसं चित्र दाखवायचं नाही. शिवाय छातीवरचं वटवाघूळ काढून तो त्याची कुऱ्हाड करतो, कानांचे सुरे होतात. रक्त भरपूर.

वैशालीवहिनी: बापरे. बरं झालं विचारलं.

मीनलताई: वहिनी, त्याऐवजी ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’ द्या. जीन लुएन यांगने लिहिलंय, चित्रं गुरिहिरूची. १९४६ सालातली गोष्ट, एक चिनी कुटुंब नव्या वस्तीत राहायला येतं आणि काही लोक त्यांना हाकलायला बघतात. मुलं आणि सुपरमॅन मिळून त्यांच्यासमोर उभे राहतात. माझ्या वर्गातल्या पोरांना मी वाचून दाखवलंय, नवीन शाळेत आलेल्या मुलीशी दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागली ती.

जिभाऊ: आणि ध्रुव! सुपर कमांडो ध्रुव द्या त्याला. हिंदी आहे, पण आपल्याकडे पोरांना हिंदी येतंच. राज कॉमिक्सचा, अनुपम सिन्हांचा, १९८७ पासूनचा. सर्कशीत वाढलेला पोरगा, अंगात कुठलीही जादुई शक्ती नाही. डोकं आणि थोडं विज्ञान. या ॲब्सोल्यूटवाल्यांनी आता जे सगळं काढून घेतलंय ना, ध्रुवाकडे ते कधी नव्हतंच, आणि तरी तो उभा होता.

तेजस: जिभाऊ, हे एकदम पटलं.

जिभाऊ: मी रेल्वेत असताना भुसावळला फलाटावरच्या स्टॉलवर राज कॉमिक्सचे गठ्ठे यायचे. ड्युटी सुटली की आमच्या पोरासाठी घ्यायचो आणि गाडीत बसून आधी मीच वाचायचो. नागराजची सुरुवातीची चित्रं आपल्या प्रताप मुळीकांची, पुण्याचे. अंगावरच्या खवल्यांची एकेक ओळ हाताने काढलेली. आर्या, तुला ते अंक दाखवतो, तुझ्या धुळीच्या कामाला उपयोगी पडतील.

आर्या: हो आजोबा!! आणि वेताळ पण आहे ना तुमच्याकडे? आई सांगत होती.

जिभाऊ: इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ मराठीत आहे. थोडेच राहिलेत, पानं पिवळी झालीत, पिना गंजल्या आहेत. हळूच उघडायचे. ते १९६४ ला सुरू झाले आणि १९९० ला बंद पडले. मराठीत वाचायची जी सवय लागली होती ती नंतर कुणी भागवली नाही.

मीनलताई: यावर मला बोलायचंय. माझ्या शाळेतल्या पोरांना सुपरमॅन माहीत आहे, पण सिनेमातून आणि खेळण्यांतून. अंक इंग्रजीत, किंमत न परवडणारी. भडगाव-पाचोऱ्याच्या पोराने मराठीत सुपरहिरो वाचावा अशी सोय आज नाही. ही मोठी उणीव आहे.

दीपकनाना: सहमत.

मीनलताई: बरं, वंडर वुमनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. या तिन्हींत माझ्या मते तीच सर्वांत वर. केली थॉम्प्सनने लिहिलंय, चित्रं हेडन शर्मनची, रंग जॉर्डी बेलेअरचे. डायना, म्हणजे वंडर वुमन, नरकात वाढते. अपोलो देव ते बाळ सर्सीकडे आणून टाकतो आणि निघून जातो. सर्सी ही चेटकीण, तिला ते मूल नकोच असतं. आणि मग हळूहळू ती त्याची आई होते. नाना, तुम्ही मघाशी केंटबद्दल म्हणालात ना, तुमचा मुद्दा या अंकात आहे बघा. सगळं हिसकावून घेतलंय, देश, नाव, जात, पण कुणीतरी एकाने मायेने वाढवलं. म्हणून डायना मवाळ राहिली. हाडांच्या सांगाड्याचा घोडा आणि उंचीएवढी तलवार घेऊन येते, आणि बोलायला लागली की आवाजात दया असते.

दीपकनाना: ताई, हे मान्य. वंडर वुमनमध्ये वाढवणारं कुणीतरी आहे. म्हणूनच सुपरमॅनमध्ये ते नाही हे मला जास्त खुपतं.

निशांतदादा: आणि बॅटमॅनमध्ये आई जिवंत आहे, हे विसरू नका. शेवटी कळतं तेव्हा मी मागे जाऊन परत सुरुवात वाचली. २४ वर्षांचा शहर खात्यातला इंजिनिअर, दिवसभर पूल आणि गटारं बघतो, आणि रात्री घरी यायची वाट बघणारी आई आहे. आजवर बॅटमॅनला गमावण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. त्याची भीती वेगळी असणार.

तेजस: आणि बालपणीचे दोस्त कोण, तर पुढे जे त्याचे शत्रू असतात तेच! हार्वी, ओस्वाल्ड, एडवर्ड, वेलन. मला तर वाटतंय स्नायडर त्यांच्या मैत्रीचंच काहीतरी वाईट करणार आहे.

निशांतदादा: नको रे. त्यांची पत्त्यांची बैठक टिकली पाहिजे.

वैशालीवहिनी: निशांत भाऊजी, तुम्ही परवा लिफ्टमध्ये म्हणत होतात तो स्पायडरमॅन कुठला? लग्न झालेला?

निशांतदादा: अल्टिमेट स्पायडरमॅन, वहिनी. मार्व्हलचा, यंदाच्या जानेवारीपासून. जोनाथन हिकमन आणि मार्को केकेत्तो. पीटरला बायको, दोन मुलं, नोकरी, आणि मग पस्तिशीच्या आसपास ती शक्ती हातात येते. बेनकाका जिवंत आहेत. दर महिन्याला अंक येतो आणि गोष्टीतही महिनाच सरतो. तो मुलांना झोपवतो आणि मग बाहेर पडतो. माझं वय त्याच्याजवळचं, घरी दोन पोरं, मला तो दर महिन्याला वाचावासाच वाटतो. आणि वाट बघायची तयारी असेल तर मार्व्हल अनलिमिटेड या त्यांच्या ॲपवर तीन महिन्यांनी येतो.

दीपकनाना: बघ, घर आहे त्यात!

निशांतदादा: नाना, तुम्हाला पहिला अंक मी आजच देतो. तुम्हाला आवडणार याची मला खात्री आहे.

तेजस: नाना, माझा मुद्दा मी सोडत नाहीये. मजुरांच्या बाजूने उभं राहायला शेतकरी आईबापच हवेत असं नाही. ज्याने क्रिप्टनवर आपल्या बापाला राबताना पाहिलं, तो खाणीत राबणाऱ्याला ओळखणारच. जॉर-एल आणि लारा हे त्याचे केंटच आहेत इथे.

जिभाऊ: यात तथ्य आहे, दीपक. मी मिलमजुराचा पोरगा. मला शेत नव्हतं, पण वागणं घरातूनच आलं.

दीपकनाना: जिभाऊ, तुम्ही म्हणता म्हणून विचार करतो. पण जॉर-एल पहिल्या अंकात जेवढा दिसतो तेवढ्यावर मी हे मान्य करणार नाही. तेजस, बाप मुलाला काहीतरी शिकवताना मला दिसला पाहिजे. नुसतं राबताना नाही.

तेजस: हे चांगलं मागणं आहे. दुसऱ्या अंकात तेच बघू.

मीनलताई: उद्या संध्याकाळी ५ ला गच्चीवर बसूया का? माझ्याकडे बामणोदची वांगी आली आहेत, भरीत करते. कळण्याच्या भाकरी कुणीतरी करा.

वैशालीवहिनी: भाकरी माझ्याकडे. आणि मुलाला घेऊन येते, जिभाऊंनी ध्रुव आणावा.

जिभाऊ: आणतो. वेताळचे अंक मात्र भरीत खाऊन झाल्यावर, हात धुऊन.

तेजस: पुढच्या बुधवारी बॅटमॅनचा दुसरा अंक येतोय. निशांतदादा आधी वाचेल, पण शुक्रवारपर्यंत शेवट कुणी इथे टाकायचा नाही.

निशांतदादा: ठरलं. नाना, खाली येताय का? पहिला अंक दारातच देतो.

दीपकनाना: आलो.