इम्प्लांट झालेलं मूल 'लक्ष देत नाही' म्हणून न्यूरोफीडबॅक? आधी कान की आधी मेंदू?

श्रवणरेखा: कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवलेलं, ऐकवणारं उपकरण) झालेलं मूल जागेवर बसत नाही, हाकेला वळत नाही, की पालकांना ३०-४० बैठकांचं न्यूरोफीडबॅक (मेंदूच्या लहरी पडद्यावरच्या खेळातून दाखवून त्या बदलायला शिकवणं) सुचवलं जातं. माझा याला विरोध आहे. आधी उपकरण तपासा. कॉइलची (डोक्याला मॅग्नेटने चिकटणाऱ्या चकतीची) केबल आतून तुटलेली असते, मायक्रोफोनच्या जाळीत घाम आणि धूळ बसते, पावसाळ्यात ड्राय-बॉक्समधली सिलिका बदललेली नसते, मॅपिंग (मुलाच्या ऐकण्यानुसार केलेली उपकरणाची जुळणी) जुनं झालेलं असतं. अर्धवट ऐकणारं मूल अंदाज बांधून बांधून दुपारपर्यंत थकून जातं, आणि आपण म्हणतो 'लक्ष नाही'. रोज सकाळी तोंड झाकून डॅनियल लिंग यांच्या ऐकण्याच्या चाचणीतले सहा ध्वनी म्हणा: म, ऊ, आ, ई, श, स. श आणि स सुटत असतील तर त्याचं उत्तर मेंदूच्या लहरींत शोधू नका.

पुराव्याचंही बघा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आयकॅन चाचणीत ७ ते १० वर्षांच्या एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या १४४ मुलांना ३८ बैठका दिल्या. काहींचं प्रशिक्षण खरं, काहींचं लुटुपुटूचं. दोन्ही गटांत सुधारणा झाली, पण दोघांत फरक दिसला नाही.

लहरवाचक: उपकरण आधी, हे मान्य. पण त्या चाचणीत थीटा (संथ) आणि बीटा (जलद) लहरींचं गुणोत्तर बदलायला शिकवलं होतं. मी १२ ते १५ हर्ट्झच्या एसएमआरबद्दल (शरीर स्थिर असताना दिसणाऱ्या मेंदूच्या लयीबद्दल) बोलतोय. त्याची मुळं संशोधक बॅरी स्टर्मन यांच्या मांजरांवरच्या कामात आहेत, आणि अपस्माराच्या रुग्णावरचा त्यांचा निबंध १९७२चा आहे. शांत झोप आणि शरीराची चुळबुळ कमी करणं एवढंच ध्येय ठेवलं तर प्रयत्न करायला हरकत नाही, मात्र मांडणी इम्प्लांटला धरून हवी.

बहुतेक ठिकाणी चूक होते ती इथे. प्रोसेसर (इम्प्लांटचा बाहेरून लावायचा भाग) चालू ठेवला तर इम्प्लांटची विद्युत स्पंदनं ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या नोंदीत) उतरतात, आणि त्यांचा जोर आवाजाच्या चढउताराप्रमाणे बदलतो. बोलण्याचा चढउतार सेकंदाला साधारण २ ते ८ वेळा होतो, म्हणजे तो बराचसा ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा पट्ट्यात येऊन बसतो. यंत्र मग खेळाचाच आवाज 'थीटा' म्हणून मोजतं.

म्हणून बैठकीत प्रोसेसर काढून ड्राय-बॉक्समध्ये ठेवायचा. मुख्य इलेक्ट्रोड डोक्याच्या मध्यावर, सीझेड या बिंदूला. संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्याशी तुलना करून लहरी मोजतात तो) इम्प्लांट नसलेल्या बाजूच्या कानाच्या पाळीवर. दोन्ही बाजूंना इम्प्लांट असेल तर नाकाच्या शेंड्यावर. दोन्ही कान जोडून संदर्भ घ्यायचा नाही. त्वचा घासायची जेल व्रणावर लावायची नाही, टोपीचा पट्टा मॅग्नेटवर दाबायचा नाही. सुरुवातीला तीन मिनिटं प्रोसेसर लावून आणि तीन काढून नोंद घ्या. काढल्यावर थीटा एकदम खाली आला, तर तो मेंदूचा नव्हताच.

श्रवणरेखा: म्हणजे ४० बैठका, प्रत्येकी ४० मिनिटं, मूल काहीच ऐकणार नाही. सव्वीस तासांपेक्षा जास्त! तेवढ्यात एव्हीटीच्या (ऐकून बोलायला शिकवणाऱ्या थेरपीच्या) किती बैठका होतात? शिवाय लहर जमली की वाजणारा बक्षिसाचा आवाज ऐकू येणार नाही, म्हणून सगळा भार डोळ्यांवर. अशर सिंड्रोम (बहिरेपणासोबत हळूहळू दृष्टी जाणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाला अंधाऱ्या खोलीत कडेचं दिसत नाही, चार्ज सिंड्रोममध्ये (अनेक अवयवांत जन्मजात दोष असलेल्या आजारात) डोळ्यात कोलोबोमा (जन्मजात खाच) असू शकतो. या मुलांना पडद्यावरचं विमान दाखवून काय शिकवणार?

लहरवाचक: बैठक २० मिनिटांची ठेवता येते. बक्षीस म्हणून हातात कंप पावणारी गादी देता येते. मात्र सूचना प्रोसेसर काढण्याआधी किंवा खुणांनी द्याव्या लागतात.

बालमज्जा: दोघांच्याही बोलण्यात औषधं सुटली. मूल क्लोबाझामवर (झटक्यांच्या औषधावर) असेल तर बीटा औषधानेच वाढलेला असतो. झटके येणाऱ्या मुलाच्या आलेखातले संथ पट्टे आजाराचेही असतात. वयाचाही फरक आहे: डोक्याच्या मागच्या भागातली लय तिसऱ्या वर्षी साधारण ८ हर्ट्झ असते, दहाव्या वर्षाच्या सुमारास १०. जन्मजात सीएमव्ही (गर्भात होणारा विषाणूसंसर्ग) किंवा मेंदुज्वरानंतरच्या बहिरेपणात पूर्ण ईईजी न्यूरॉलॉजिस्टने वाचल्याशिवाय बैठक सुरूच करू नये. झटक्यांची गोळी तर कुणाच्याही सांगण्यावरून कमी करायची नाही.

आणि फी भरण्याआधी हे विचारा: यंत्र फक्त लहरी मोजतं, की डोक्यात प्रवाहही सोडतं? 'न्यूरोफीडबॅक' याच नावाखाली काही पद्धती सूक्ष्म प्रवाह किंवा स्पंदनं देतात. तसं असेल तर इम्प्लांट कंपनीची लेखी परवानगी आल्याशिवाय मुलाला खुर्चीत बसवू नका.

श्रवणरेखा: हा शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बाकी माझं मत तेच आहे: पहिले तीन महिने मॅपिंग आणि एव्हीटी, प्रोसेसरच्या डेटा लॉगिंगमध्ये (वापराच्या नोंदीत) रोजचा वापर किमान दहा तास दिसेपर्यंत. चुळबुळ तरीही राहिली, तर लहरवाचक यांची मांडणी चर्चेला घेऊ.