शब्दचर्चा : हार्डी लॅव्हेंडरला ‘काटक’ म्हणावं का?

मंडळी, माझी भाची ओटावाला असते, तिला अंगणात लॅव्हेंडर लावायचंय. तिनं नर्सरीतल्या पाट्यांचे फोटो पाठवलेत, सगळीकडे हार्डी, झोन ५ वगैरे. इथे ग्वाल्हेरला आमच्या आईला ते मराठीत सांगताना मी काटक म्हटलं. बरोबर आहे ना, की चिवट म्हणायचं?

— ताई, चिवट नको. चिवट म्हणजे हरळी, कितीही उपटा, परत येणारच. लॅव्हेंडर तसं नाही हो, पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत छाटलं तर बहुतेक वेळा तिथून फुटतच नाही. काटक जवळचा आहे पण काटक माणूस ऊन, पाऊस, उपास सगळंच सोसतो, आणि नर्सरीतल्या हार्डीमधे हिशोब फक्त थंडीचा. अमेरिकेच्या शेती खात्याच्या नकाशात झोन ५ म्हणजे हिवाळ्यातला नीचांक सरासरी उणे २९ ते उणे २३ सेल्सियस. तेवढं सोसणारं रोप मुळाशी ओल राहिली तर कुजून जातं, आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात तर हमखास. म्हणून ‘थंडीला काटक’ असं पूर्ण म्हणा, नुसतं काटक म्हटलं की लोक पाणी घालत बसतात.

— वरच्याशी सहमत. आणि उलट अर्थाला नाजूक नको, ‘थंडीला कच्चं’ म्हणा, आपण बोलतो तसंच. पाटीवरच्या देशांच्या नावावर मात्र जाऊ नका, इंग्लिश लॅव्हेंडर मुळात भूमध्य समुद्राकडच्या डोंगरांतलं, पण थंडीला काटक तेच, त्यातलं मन्स्टेड किंवा हिडकोट हे वाण घ्यायला सांगा. संकरित वाणांमधे फेनॉमेनल चालेल. फ्रेंच, स्पॅनिश म्हणून विकतात ती थंडीला कच्ची. तुमच्या ग्वाल्हेरच्या बाड्याकडच्या बाजारात पंसाऱ्याकडे, म्हणजे जडीबुटीवाल्याकडे, उस्तुखुद्दूस मिळतं ना, हकीम सर्दी-डोकेदुखीला देतात ते, तेही लॅव्हेंडरच आहे पण त्या स्पॅनिशवाल्या जातीचं, त्यामुळे आईंना लॅव्हेंडर म्हणजे उस्तुखुद्दूस असं सांगू नका, भाचीला भलतंच रोप आणायला सांगतील.

— आभार दोघांचे! आईला आत्ताच सांगितलं, ‘थंडीला काटक पण ओलीला कच्चं’, तिला लगेच कळलं. म्हणाली मग वाफा उंच करून खडी घालायला सांग, शेणखत कमी. भाचीला तसंच कळवते, आणि ऊन दिवसभर येईल तीच जागा.