एलिव्हेटरच्या ट्रिम टॅबमधला प्ले: जाड पिन घालून भागेल का?

प्रश्न

१९६०च्या दशकातील एका धातूच्या दोन आसनी विमानाची देखभाल मी परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली करतो. एलिव्हेटर (विमानाचे नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा हलता भाग) घट्ट धरून त्याच्या ट्रिम टॅबची (वैमानिकाला दांडा सतत धरून ठेवावा लागू नये म्हणून एलिव्हेटरच्या मागच्या कडेला बसवलेल्या छोट्या फलकाची) मागची कड बोटांनी वर-खाली केली, की ती सहज हलते आणि बारीकसा खट् असा आवाज येतो. बिजागरीची पिन झिजलेली दिसते. तिच्या जागी किंचित जाड पिन घातली तर चालेल का? विमानाला नवा रंगही द्यायचा आहे, त्यामुळे कोणते काम आधी करावे, तेही कृपया सांगावे.

पहिले उत्तर

पिन मागवण्यापूर्वी प्ले, म्हणजे जोडणीतला ढिलेपणा, नेमका कुठे आहे, ते शोधा. मागच्या कडेला हाताला लागतो तो बिजागरी, पुशरॉडच्या (टॅब ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या दांड्याच्या) टोकांचे बोल्ट आणि ॲक्च्युएटरच्या (ट्रिमचे चाक फिरवल्यावर तो दांडा सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) आतला स्क्रू या तिन्ही ठिकाणच्या झिजेचा एकत्रित प्ले असतो. एलिव्हेटर हलणार नाही असा पक्का करा, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे मापक) मागच्या कडेला लावा आणि टॅब हलक्या हाताने वर-खाली करत असताना दुसऱ्या कोणाला तरी पुशरॉडवर बोट ठेवायला सांगा. ट्रिमचे चाक स्थिर असूनही रॉड टॅबबरोबर पुढे-मागे सरकत असेल, तर मुख्य झीज ॲक्च्युएटरमध्ये आहे आणि नव्या पिनेने फारसा फरक पडणार नाही. रॉड जागच्या जागी राहून टॅबच हलत असेल, तर बोल्ट आणि बिजागरी तपासा. किती प्ले चालतो आणि तो कोणत्या जागी मोजायचा, हे त्या मॉडेलच्या देखभाल पुस्तिकेतच पाहावे. दुसऱ्या विमानाचा आकडा इथे लावू नये.

जाड पिन मात्र मी घालणार नाही. पिन पोलादाची आणि बिजागरी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असल्यामुळे पिनेबरोबर बिजागरीची छिद्रेही झिजून लांबट होतात. लांबट छिद्रात गोल पिन सगळीकडून टेकत नाही. ती एका बाजूला घासते, दुसरीकडे मोकळीच राहते, आणि प्ले लवकरच परत येतो. निर्मात्याने मान्य केलेली पूर्ण बिजागरी पिनेसकट बदलावी आणि पिन बाहेर सरकू नये म्हणून तिची टोके पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बंद करावीत.

दुसरे उत्तर

या प्लेबद्दल इतके काटेकोर का राहायचे, ते सांगतो. अनेक हलक्या विमानांत टॅबला स्वतःचे संतुलन-वजन नसते. फ्लटर (हवेच्या झोतात आपोआप वाढत जाणारी धोकादायक थरथर) रोखण्याचे काम जोडणीच्या घट्टपणावरच असते. १६ सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेतील रीनोच्या हवाई शर्यतीत एक पी-५१ मस्टँग कोसळले आणि वैमानिकासह ११ जणांचा मृत्यू झाला. लॉकनटांच्या (कंपनाने सैल होऊ नयेत अशा नटांच्या) आतली कडी जुनी होऊन निकामी झाल्यामुळे ट्रिम टॅबचे स्क्रू सैल झाले होते, असे चौकशीत आढळले. ते विमान शर्यतीसाठी बदललेले आणि अतिशय वेगवान होते हे खरे, पण जुना लॉकनट हलक्या विमानातही तसाच निकामी होतो. त्यामुळे जोडणी उघडलीच आहे तर तिथले लॉकनटही नवे घाला.

तिसरे उत्तर

आधी दुरुस्ती, मग रंग आणि टॅब बसवल्यावर एलिव्हेटरचे संतुलन (बिजागररेषेच्या पुढचे आणि मागचे वजन योग्य आहे का, याची तपासणी), हा क्रम ठेवा. जुन्या रंगावर नवा थर देऊ नका. टॅब बिजागररेषेपासून सर्वांत मागे असतो, त्यामुळे तिथल्या थोड्याशा वजनानेही संतुलन लक्षणीय बिघडते. रंग बिजागरीत जाऊ देऊ नका आणि पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवा. ती बुजली, की आत ओल साचून पत्रा आतून गंजतो आणि वरून काहीच दिसत नाही.

केबल किंवा साखळी सोडली असेल, तर शेवटी टॅबची दिशा तपासल्याशिवाय विमान सोडू नका. ट्रिमचे चाक नाक खाली करण्याच्या बाजूला फिरवल्यावर एलिव्हेटरवरच्या टॅबची मागची कड वर गेली पाहिजे. काम करणाऱ्याने एकदा पाहिल्यावर ज्याचा त्या कामात हात नव्हता अशा व्यक्तीने पुन्हा स्वतंत्रपणे पाहावे आणि दोघांनीही नोंदवहीत सही करावी.