टॅब: तो, ती की ते? आणि ब्राउझरला ब्राउझरच म्हणायचं का?

प्रश्न

एका सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका मराठीत लिहायचं काम चाललंय आणि आमची तिघांची टीम एका शब्दावर अडकून बसलीय. वाक्य साधंच आहे, 'लिंकवर क्लिक केल्यावर नवीन टॅब उघडेल'. 'उघडेल' लिहिलं की लिंग लपतं, पण पुढच्याच ओळीत 'उघडलेला टॅब बंद करा' की 'उघडलेली टॅब' की 'उघडलेलं टॅब', तिघांची तीन मतं. त्यात एकाचं म्हणणं की मराठी शब्द हवाच, सरळ 'पान' म्हणा. शिवाय विंडो, टॅब, पेज, ब्राउझर हे शब्द लोक एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतात, ते वेगळे करून कसे सांगायचे? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, घाई नाही.

प्रतिसाद १

माझ्या कानाला 'तो टॅब'च बरोबर वाटतो. बाहेरून आलेल्या शब्दाला आपण बरेचदा अर्थाने जवळच्या मराठी शब्दाचं लिंग देऊन टाकतो, विंडो म्हणजे खिडकी म्हणून ती विंडो. टॅबचा घोळ असा की ज्याच्या डोळ्यापुढे पट्टी आहे तो 'ती टॅब' म्हणणार, ज्याच्या डोळ्यापुढे कप्पा आहे तो 'तो टॅब' म्हणणार आणि ज्याला आत दिसणारं पान महत्त्वाचं वाटतं तो 'ते टॅब'. म्हणजे तुम्ही तिघं एकाच शब्दाकडे बघून तीन वेगळ्या वस्तू बघताय.

व्यवहारात बघायचं तर अनेकवचन करून बघा, लगेच कळेल. पुल्लिंगी धरला तर 'पाच टॅब उघडले', शब्द तसाच राहतो. स्त्रीलिंगी धरला की विटा-भिंतींसारखं 'टॅबा' किंवा 'टॅबी' करावं लागेल आणि तसं कुणी बोलत नाही, मग 'टॅब्स' म्हणून वेळ मारून नेतात आणि त्यावर मराठी प्रत्यय लावून 'टॅब्सना', 'टॅब्समधल्या' असे शब्द तयार होतात. पुस्तिकेत तरी हे टाळा. पुल्लिंग घ्या, शेवटपर्यंत तेच ठेवा.

प्रतिसाद २

लिंगाबद्दल सहमत. अर्थाबद्दल थोडं लांबलचक लिहितो कारण या शब्दात खरंच तीन वेगळे शब्द येऊन बसलेत.

कळफलकावरची टॅब की ही टॅब्युलेटरचं छोटं रूप आहे, टाइपरायटरवर रकाने सरळ यावेत म्हणून असायची ती. हातात धरायचा टॅब म्हणजे टॅबलेट. या दोघांचं मूळ एकच, लॅटिनमधला टॅब्युला, म्हणजे फळी किंवा पाटी. ब्राउझरचा टॅब मात्र वेगळ्या घरातला, कपड्याला किंवा कागदाला बाहेर आलेला छोटा तुकडा या अर्थाचा. फायलींच्या कपाटात प्रत्येक फोल्डरच्या कडेला नाव लिहिलेला तुकडा वर डोकावत असतो ना, तो टॅब. तुमच्या पुस्तिकेत तिन्ही येणार असतील तर 'टॅब की', 'टॅबलेट' आणि 'टॅब' असे तीन ठेवा, टॅबलेटला नुसतं टॅब म्हणायची सवय बोलण्यात ठीक आहे पण 'टॅब बंद करा' या सूचनेवर कुणी अख्खं यंत्र बंद करून बसेल.

आता 'पान' का नको. एकाच टॅबमध्ये तुम्ही एकामागून एक पन्नास पानं बघू शकता, मागे जाऊ शकता, पुढे जाऊ शकता, टॅब तोच राहतो. टॅबला स्वतःचा इतिहास असतो, पानाला नसतो. त्यामुळे पान म्हटलं की 'मागील पानावर जा' आणि 'मागील टॅबवर जा' या दोन सूचना एकच होऊन जातात आणि त्या तर पूर्ण वेगळ्या आहेत.

विंडो आणि टॅब यांच्यातली रेघ मात्र खरंच पुसट आहे, लोकांचा गोंधळ होतो यात त्यांची चूक नाही. सुरुवातीच्या ब्राउझरमध्ये दुसरं पान वेगळं उघडायचं म्हणजे दुसरी विंडो. १९९४ मध्ये बुकलिंक नावाच्या कंपनीच्या इंटरनेटवर्क्स या ब्राउझरमध्ये टॅबसारखी सोय आली होती पण ती फार लोकांपर्यंत पोचलीच नाही. ऑपेराने एका मोठ्या विंडोत अनेक छोट्या विंडो ठेवायची पद्धत आधीपासून धरली होती, नेटकॅप्टर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने तर मायक्रोसॉफ्टच्याच इंजिनवर (म्हणजे पान पडद्यावर रचणाऱ्या आतल्या भागावर) टॅबचं कवच चढवून दाखवलं. मग २००१ मध्ये मोझिला, २००३ मध्ये सफारी, आणि ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स १.० आला तेव्हा कुठे सामान्य माणसाला टॅब म्हणजे काय ते कळायला लागलं. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये टॅब आले ते सातव्या आवृत्तीत, २००६ ला. सहावी आवृत्ती २००१ ची. म्हणजे सगळ्यात जास्त लोक वापरत होते त्या ब्राउझरची पुढची मोठी आवृत्ती यायला पाच वर्षं लागली, आणि ती आली कारण बाहेर फायरफॉक्स उभा राहिला होता. मला स्पर्धेचं यापेक्षा सरळ उदाहरण माहीत नाही.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये क्रोम आला आणि त्याने टॅबचा अर्थच थोडा बदलला. आधी टॅबची रांग पत्त्याच्या पट्टीखाली असायची, क्रोमने ती सगळ्यात वर नेली, म्हणजे पत्ता, मागे-पुढेची बटणं सगळं त्या टॅबच्या पोटात. आतून तर त्याने टॅबना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे जणू स्वतंत्र प्रोग्रॅमसारखं, चालवायला सुरुवात केली, एक टॅब कोलमडला तरी बाकीचे बहुधा टिकून राहतात. (मेमरी जास्त खातो ही क्रोमबद्दलची तक्रार बरीचशी इथूनच येते, सुरक्षिततेची किंमत आहे ती.) आणि टॅब ओढून बाहेर काढला की त्याची विंडो होते, परत आत टाकला की टॅब. म्हणून व्याख्या करायचीच तर मी अशी करेन: टॅब म्हणजे ब्राउझरच्या विंडोत स्वतंत्रपणे चालणारा एक कप्पा, ज्यात एका वेळी एक पान दिसतं.

प्रश्नकर्ता

फारच उपयोगी, आभार. कप्पा हा शब्द व्याख्येत वापरतो, नाव टॅबच ठेवतो. फोनवर मात्र ती पट्टी दिसतच नाही, चौकोनात नुसता आकडा असतो, तिथे 'टॅब'चं चित्र कुणाच्या मनात येणार, पण शब्द एव्हाना रुळला आहे. आता 'ब्राउझर'चं काय? 'न्याहाळक' हा शब्द बऱ्याच ठिकाणी वाचलाय.

प्रतिसाद ३

न्याहाळक मला शब्द म्हणून आवडतो, छान घडवलेला आहे, पण अर्थ उलटा पडतो असं प्रामाणिकपणे वाटतं. न्याहाळणं म्हणजे टक लावून, बारकाईने बघणं. इंग्रजीतला ब्राउझ मुळात जनावरांच्या चरण्याचा शब्द, कोवळे शेंडे, पाला खुडत पुढे जाणं, त्यावरून मग इकडे तिकडे थोडं थोडं वाचणं. त्याला आपल्याकडे 'चाळणं' हा नेमका शब्द आहे, आपण पुस्तक चाळतो, अंक चाळतो. कुणी 'चाळक' रूढ केला असता तर मी आनंदाने वापरला असता, पण आता ब्राउझर इतका पक्का बसलाय की पुस्तिकेत वाचणाऱ्याला अडखळायला लावू नका. 'ब्राउझर' लिहा, ऊ दीर्घ की ऱ्हस्व यावर फार डोकं खपवू नका, एकच रूप सगळीकडे ठेवलं की झालं.

प्रतिसाद २

ब्राउझर हाच शब्द ठेवा याला माझा जोरदार पाठिंबा, आणि कारण नुसतं सोयीचं नाहीये. बरीच वर्षं बहुतेक लोक हा शब्द वापरतच नव्हते. डेस्कटॉपवर इंटरनेट एक्सप्लोररचा निळा ई असायचा आणि त्याला 'इंटरनेट' म्हणायचे, 'इंटरनेट उघड', 'इंटरनेट बंद पडलं'. ज्या वस्तूचा एकच नमुना आजूबाजूला असतो तिला जातीचं नाव लागतच नाही, त्या एका नमुन्याचं नावच सगळ्याचं नाव होतं. दुसरा नमुना शेजारी आला की मग विचारावं लागतं की तू कुठला वापरतोस, आणि 'कुठला' नंतर काहीतरी नाम लागतं. ब्राउझर हा शब्द लोकांच्या तोंडी आला तो या 'कुठला'मुळे असं मला मनापासून वाटतं. आज पुन्हा 'गुगल उघड' म्हणजे ब्राउझर उघड असं सर्रास ऐकू येतं, आणि ते ऐकलं की मला काळजी वाटते, कारण कंपनी, सर्च इंजिन आणि ब्राउझर या तीन गोष्टी एका शब्दात कोंबल्या की त्यातली एक बदलता येते हेच माणसाला सुचत नाही.

म्हणून पुस्तिकेत 'इंजिन' हाही शब्द एकदा समजावून द्या. ब्राउझर म्हणजे आपण हाताळतो तो सगळा प्रोग्रॅम, इंजिन म्हणजे पानाचा कोड वाचून ते पडद्यावर रचणारा आतला भाग. बाहेरून बघितलं तर डझनभर ब्राउझर आहेत, पण क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे ब्लिंक या एकाच इंजिनवर चालतात. सफारीचं वेबकिट, फायरफॉक्सचं गेको. मोठी म्हणावीत अशी तीनच. त्यातही ब्लिंक २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालं आणि वेबकिट त्याआधी केएचटीएमएल या जुन्या इंजिनमधून. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडायचं जाहीर केलं, मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये तेच केलं आणि २०२० च्या जानेवारीत नवा एज आला. आयफोनवर तर कुठल्याही नावाचा ब्राउझर घेतला तरी आत वेबकिटच असायचं, युरोपियन युनियनच्या कायद्यामुळे २०२४ मध्ये तिथल्यापुरती दुसऱ्या इंजिनांना परवानगी मिळाली. 'इतके ब्राउझर आहेत, स्पर्धा आहेच की' असं कुणी म्हटलं तर त्याला विचारा, इंजिनं किती?

याला जोडून एक शब्द, मक्तेदारी. हा आपण नुसता 'एकट्याचं वर्चस्व' अशा अर्थाने वापरतो, पण मक्ता म्हणजे ठरलेली रक्कम भरून मिळवलेला एकट्याचा हक्क. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला तेव्हा मुद्दा विंडोजला ब्राउझर जोडून देण्याचा होता, तिथे मक्ता शब्द तितका लागू पडत नाही, पैसे भरून काही घेतलं नव्हतं. पण अमेरिकेतल्याच गुगलवरच्या खटल्यात समोर आलं की सफारीत आपलं सर्च डीफॉल्ट असावं म्हणून गुगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले. हा अक्षरशः मक्ता आहे, जुन्या अर्थाने! ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने सर्चमधली ही मक्तेदारी बेकायदेशीर ठरवली, क्रोम विकायला लावा अशी सरकारची मागणी होती ती सप्टेंबर २०२५ च्या निकालात मान्य झाली नाही, पण दुसऱ्याला वगळणारे करार करायचे नाहीत असं ठरलं, पैसे देण्यावर सरसकट बंदी नाही. आणि हेही सांगायला हवं की फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गुगलशी असलेल्या अशाच करारातून येतं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर उरलेली स्पर्धा तगून आहे.

प्रश्नकर्ता

डीफॉल्टला काय लिहू मग? 'पूर्वनिर्धारित' लिहिलंय सध्या.

प्रतिसाद ३

पूर्वनिर्धारित वाचताना दम लागतो, आणि कुणी निर्धारित केलं हेही त्यातून कळत नाही. नुसता डीफॉल्ट ठेवला तर कर्ज थकवणाऱ्या डीफॉल्टशी गोंधळ होऊ शकतो, पण संदर्भाने निभावतं. मी सूचनेत फोड करून लिहीन: 'तुम्ही काही निवडलं नाही तर लिंक ज्या ब्राउझरमध्ये उघडते तो डीफॉल्ट ब्राउझर'. एकदा असं सांगितलं की पुढे बिनधास्त डीफॉल्ट वापरा.

प्रतिसाद ४

उशिरा येतोय पण एक गोष्ट राहिली. इन्कॉग्निटो टॅबसाठी 'गुप्त' हा शब्द सगळीकडे दिसतो, तो कृपा करून जसाच्या तसा घेऊ नका. गुप्त वाचून माणसाला वाटतं की आपण काय बघतोय ते कुणालाच दिसत नाही. प्रत्यक्षात असे सगळे टॅब बंद केल्यावर त्या यंत्रावर इतिहास आणि कुकीज (साइटने ठेवलेल्या छोट्या नोंदी) ठेवल्या जात नाहीत, इतकंच. ज्या साइटवर गेलात तिला तुम्ही दिसता, ऑफिसचं किंवा कॉलेजचं नेटवर्क असेल तर तिथेही दिसू शकतं, डाउनलोड केलेली फाइल तर यंत्रावर राहतेच. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गुगलवर खटला झाला, २०२४ मध्ये तडजोड होऊन साठवलेली माहिती नष्ट करायचं कंपनीने कबूल केलं. चुकीच्या शब्दाने लोकांचं नुकसान होतं ते असं. बटणावर 'गुप्त' छापलेलं असेल तर सूचनेत बटणाचं नाव म्हणून तेच द्यावं लागेल, पण लगेच कंसात लिहा 'या यंत्रावर नोंद न ठेवणारा टॅब'. लांब आहे, चालेल, खरा आहे.

प्रश्नकर्ता

लिहिलं. आणि त्याच्या शेजारी हेही घातलं, की चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबून परत आणता येतो, पण क्रोममध्ये तरी नोंद न ठेवणाऱ्या टॅबला ते लागू नाही.