राजगड ते तोरणा, धारेवरून : तुमचे अनुभव लिहा

थंडी पडली की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तीच चर्चा, राजगड-तोरणा कधी करायचा. यंदा तर जास्तच, कारण २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले त्यात राजगड आहे आणि तोरणा नाही, त्यामुळे तोरणेवाले जरा रुसूनच बसलेत. किल्ल्यांबद्दल वाट्टेल तेवढं वाचायला मिळतं हो, पण दोन्ही किल्ल्यांना जोडणाऱ्या मधल्या डोंगराच्या धारेबद्दल कोणी धड लिहीत नाही. राजगडाच्या संजीवनी माचीच्या टोकावरून समोर तोरणा एवढा स्वच्छ दिसतो की नवीन माणसाला वाटतं तासाभरात पोचू, आणि दुपारी बारा वाजता तो तेवढाच लांब असतो. तर ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, ऊन, पाणी, वाट, कोण भेटलं, काहीही. दुसरी कुठली उघडी धार केली असेल तरी चालेल.

*

राजगडावरूनच निघावं, उलटं करू नये, हे माझं ठाम मत आहे. तोरणा पश्चिमेला, म्हणजे सकाळभर ऊन पाठीवर राहतं. उलटं आलात तर सकाळी डोळ्यावर ऊन आणि शेवटी दमलेल्या पायांनी संजीवनीचा चढ, कोणी सांगितलंय. आदल्या रात्री पद्मावती माचीवर मुक्काम, अंधारात उठून पाणी भरायचं, माणशी चार लिटर, जड होतं म्हणून कुरकुर करणाऱ्यालाही चारच. संजीवनी माची अडीच किलोमीटर लांब आहे, तिथली दुहेरी तटबंदी बघत आणि फोटो काढत लोक तास घालवतात आणि मग तो तास तोरण्याच्या बुधला माचीखाली भर उन्हात फेडतात.

आळू दरवाज्यातून बाहेर पडलं की उतार एकदम अंगावर येतो. मुरूम, त्यावर बारीक खडी, त्यावर वाळलेलं गवत. गवतावर पाय आडवा टाकायचा, टाच रोवायची, आणि जमतच नसेल तर सरळ बसून उतरायचं, पँट फाटली तर फाटली. खाली खिंडीत भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता आडवा येतो, ज्याला जमणार नाही त्यानं इथंच विचार करावा, कारण पुढं धारेवरून मधेच उतरणं सोपं नाही. खरी धार इथून पुढं. एकीकडे भाटघरचं पाणी, दुसरीकडे गुंजवणीचं धरण, दोन्हीकडे नुसतं पाणीच पाणी आणि आपल्या घशाला कोरड.

*

आम्ही नणंद-भावजया आणि माझी लेक गेलो होतो, सगळ्या पन्नाशीच्या आसपास (लेक सोडून 😄), घरच्यांनी आधी खूप नको नको केलं. रस्ता ओलांडून वर गेल्यावर धनगराचं एक घर लागलं, अंगणात शेण सारवलेलं, दाराशी दोन वासरं, आणि तिथल्या मावशींनी न विचारता ताक दिलं, घट्ट, वर मीठ आणि मिरची चुरडलेली, मी तीन पेले प्यायले. मग चौकशी सुरू झाली.

"कुठनं आलाव?"
"राजगडावरून."
"आन् आता?"
"तोरण्याला."
"कशाला?"

आता ह्याला काय सांगणार, तेवढ्यात नणंदबाई म्हणाल्या मेंगाईचा नवस आहे. मावशींना एकदम पटलं, उठून आत गेल्या आणि देवीला घालायला पाच रुपये आणून दिले! पुढच्या चढाला ज्यानं त्यानं वन्संना चिडवायचं, आणि वर मेंगाईच्या देवळात ते पैसे ठेवले तेव्हा मात्र त्या जाम गंभीर. ताकाचे पैसे मावशी घेत नव्हत्या, लेकीनं वासराच्या खुंट्याजवळ ठेवले.

*

पावसाळ्यात नका जाऊ असं सांगायला आलोय. जुलैत गेलेलो, धारेवर धुकं असं की पुढच्याची सॅकसुद्धा दिसेना, आणि वारा भाटघरच्या बाजूनं पाऊस आडवा मारत होता, छत्री तर सोडाच, पोंचोसुद्धा डोक्यावर जाऊन बसला. गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की मळलेली वाट म्हणजे आपली वाट हे तिथं चालत नाही. आमच्यातला एक जुना माणूस एकच वाक्य बोलत होता, धार सोडायची नाही, वाट खाली जायला लागली की थांब. त्याच्यामुळं पोचलो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं भारी असतात पण गवत छातीएवढं वाढलेलं, खाली खड्डा आहे का दगड कळत नाही. कारवी सात वर्षांनी फुलते, तिचं वर्ष असेल तर मात्र मी स्वतःच कोणाचं ऐकणार नाही.

*

आग्या मोहोळाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून? दोन्ही किल्ल्यांच्या कड्यांना पोळी असतात. अत्तर, डिओ नको, धूर नको, कड्याखाली शिट्ट्या आरोळ्या नकोत. बास.

*

दुसरी धार चालेल म्हणालात म्हणून. मँचेस्टरला असतो, इथून लेक डिस्ट्रिक्ट जवळ, तिथं हेल्वेलिनला जाताना स्ट्रायडिंग एज म्हणून खडकाची धार आहे. हेल्वेलिन ९५० मीटर आणि तोरणा १४०३, म्हणजे उंचीत तोरणा बाप आहे, पण ती धार आपल्यापेक्षा खूपच अरुंद, काही ठिकाणी हात टेकूनच जावं लागतं, आणि खाली रेड टार्न नावाचं तळं दिसत राहतं. तिथं पाण्याचं दुःख नाही, वाऱ्याचं आहे. आदल्या दिवशी माथ्यावरच्या वाऱ्याचा अंदाज बघायचा, जोराचा असला तर मुकाट खालूनच फिरायचं. तरी खरं सांगू का, ताक देणारं कोणी नसतं हो 😕

*

शेवटच्या टप्प्याचं लिहितो. बुधला जवळ आला की सगळ्यांना वाटतं झालं, आणि तिथंच पाय बोलायला लागतात. खडकाच्या टप्प्यावर लोखंडी शिडी आहे, एका वेळी एकानंच चढा, सॅकचे पट्टे आवळून. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड बांधला असं सांगतात, ते धन ह्याच धारेवरून नेलं असेल का हा विचार मला दर वेळी त्या शिडीखाली येतो, नेणाऱ्यांचे काय हाल झाले असतील. वर कोकण दरवाज्यातून आत, आणि मग पायथ्याच्या वेल्ह्याची उतरण, गुडघ्यांची खरी परीक्षा तीच.

गाडीवाल्यांसाठी : गाडी राजगडाखाली गुंजवण्यात लावली तर संध्याकाळी तुम्ही वेल्ह्यात आणि गाडी डोंगरापलीकडे. मार्गासनीला लावा, दोन्हीकडचे रस्ते तिथूनच फुटतात.

*

मुलगा आठ वर्षांचा आहे, सिंहगड आरामात चढतो, डिसेंबरात नेऊ का?

*

अख्खी धार नको. राजगडावर मुक्काम करा, संजीवनी दाखवा, आणि पाली दरवाज्यानं उतरा, तिकडे पायऱ्या आहेत. आणि मुक्कामाला स्वेटर दोन, रात्री माचीवर वारा फार असतो.