शाळेत शूटर घुसला तर एकट्या पोलिसाने आत जावं का?

तळ्यात_मळ्यात:
आम्ही टेक्सासमध्ये राहतो. काल लेकाच्या शाळेत लॉकडाऊन ड्रिल (शूटर आला तर दारं लावून लपायचा सराव) झालं आणि घरी आल्या आल्या त्याने विचारलं, आमच्या शाळेचे पोलीस ऑफिसर तर एकटेच असतात मग ते काय करणार? मला काही बोलताच येईना. म्हणजे बघा ना, ह्याच्या कमरेला पिस्तूल आणि समोरच्याकडे एआर-१५ रायफल असली तर बॅकअप येईपर्यंत थांबणंच शहाणपणाचं नाही का? नवरा म्हणतो थांबायचंच असेल तर पगार कशाचा घेतो. यावरून जेवताना आमचं चांगलंच वाजलं. नक्की नियम काय आहे?

रात्रपाळी:
आधी थांबायचाच नियम होता. १९९९ ला कोलोरॅडोत कोलंबाईन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला तेव्हा पोलिसांनी बाहेरून वेढा घातला आणि स्वाट टीमची (पोलिसांचं खास सशस्त्र पथक) वाट बघितली, टीम आत शिरेपर्यंत पाऊण तास गेला, एक शिक्षक तर गोळी लागून कित्येक तास आतच पडून होते, रक्त जाऊन वारले. तिथून ट्रेनिंग बदललं. आधी चार जण जमले की शिरा, मग दोघं, आणि आता एकटा असशील तर एकटा जा. एफबीआयने २००० ते २०१३ च्या घटना तपासल्या त्यात किती वेळ चाललं हे ६३ घटनांमध्ये कळलं, त्यातल्या ४४ पाच मिनिटांत आटोपल्या होत्या. बॅकअप येणार कधी मग?

साधा_माणूस७:
कीबोर्डवरून जा म्हणायला काय जातंय. मे २०१८, सांता फे हायस्कूल, तुमच्याच टेक्सासमधलं. तिथला पोलीस गेला की आत, दंडावर गोळी लागली, रक्तस्रावाने मरता मरता वाचला, आणि तरी १० जण गेलेच. रेंजवर कागदावर नेम धरणं वेगळं आणि मुलं सैरावैरा पळतायत त्यात गोळी झाडणं वेगळं.

रात्रपाळी:
@साधा_माणूस७ मान्य, पण त्याच्या दोनच दिवस आधी इलिनॉयमध्ये डिक्सनच्या शाळेत माजी विद्यार्थी रायफल घेऊन आला, शाळेचा एकटा ऑफिसर त्याच्यावर धावून गेला, तो पळत सुटला आणि पकडला गेला, एकही जीव गेला नाही. माझं म्हणणं एवढंच की ऑफिसरने जिंकलंच पाहिजे असं नाही, त्याच्याकडे बंदूक वळली की तेवढा वेळ ती वर्गाकडे नसते. हे ऐकायला क्रूर आहे, ठाऊक आहे. आणि संख्येचं म्हणाल तर २०२२ मध्ये टेक्सासमध्येच उवाल्डेच्या प्राथमिक शाळेत शूटर शिरला तेव्हा शेवटी ३७६ पोलीस जमले होते! पहिले पोलीस तीन मिनिटांत पोचले, दाराजवळ गेले, गोळीबार झाला तसे मागे सरले, आणि मग शूटर "कोंडून बसलाय" असं धरून वर्गाबाहेरच थांबले, पोचल्यापासून त्याला मारेपर्यंत ७७ मिनिटं गेली. १९ मुलं आणि दोन शिक्षिका.

वकिलीण_बाई:
एक गोष्ट सगळे विसरतायत. ट्रेनिंगमध्ये "जा" असणं आणि कायद्याने जावंच लागणं ह्यात फरक आहे. फ्लोरिडात पार्कलँडच्या शाळेत (२०१८, १७ मृत्यू) शाळेवर नेमलेला डेप्युटी (शेरीफच्या खात्यातला पोलीस) बाहेरच थांबला म्हणून त्याच्यावर खटला भरला होता, २०२३ मध्ये ज्यूरीने सगळ्या आरोपांतून सोडला. आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं हा त्याचा बचाव. लोक चिडले, पण भित्रेपणा हा गुन्हा म्हणून सिद्ध करणं फार अवघड असतं.

साधा_माणूस७:
म्हणजे गेला तर मरणार, नाही गेला तर जन्मभर डरपोक. असली नोकरी नको रे बाबा.

तळ्यात_मळ्यात:
थँक्स सगळ्यांना. नवऱ्याला वाचायला दिलं नाहीये, चढेल उगाच 😀 टेक्सासमध्ये उवाल्डेनंतर प्रत्येक शाळेत एक शस्त्रधारी माणूस ठेवायचा कायदा झाला, पण त्याला ट्रेनिंग किती, रायफल जवळ असते की गाडीत, हे मी कधी विचारलंच नव्हतं. उवाल्डेचं अजून थोडं वाचलं तर पोलीस किल्ली शोधत बसले होते आणि दाराला बहुतेक कुलूपच नव्हतं म्हणे. सोमवारी प्रिन्सिपलना मेल करतेय, वर्गांच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात तेही विचारते.